डिस्क गेली की कंट्रोलर? जुन्या संगणकातली दुसरी हार्डडिस्क दिसेनाशी झाल्यास आधी हे तपासा

देऊळघाटसारख्या गावातल्या फोटो स्टुडिओत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा घरी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालू असतो. त्यात दोन हार्डडिस्क असतात. एकीवर विंडोज आणि दुसरीवर लग्नांचे फोटो किंवा हिशेब. एके दिवशी ही दुसरी डिस्क 'माय कॉम्प्युटर'मधून गायब होते. मग संगणक उचलून बुलढाण्याला न्यायचा आणि 'डिस्क गेली, डेटा विसरा' हे ऐकून परत यायचे. अनेकदा मात्र डिस्क शाबूत असते. बिघाड असतो तिला बोर्डाशी जोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये, केबलमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये.

दुसरा कंट्रोलर आला कुठून?

इंटेलने २००६ मध्ये आयसीएच८ ही चिप आणली आणि तिच्यातून जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई केबलची सोय काढून टाकली. लोकांकडे आयडीई सीडी ड्राइव्ह आणि डिस्क तर होत्याच. म्हणून मदरबोर्ड कंपन्यांनी जेमायक्रॉनसारख्या कंपन्यांची वेगळी चिप बसवली आणि तिच्यावर एक-दोन जादा साटा जोडण्याही दिल्या. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर त्यांच्याजवळ 'जीसाटा' असे छापलेले असते. बोर्ड एकच असला तरी कंट्रोलर दोन, आणि दोघांचे ड्रायव्हर व बायोसमधले पर्यायही वेगळे.

त्यामुळे मुख्य बायोसच्या यादीत डिस्क दिसली नाही म्हणून घाबरू नका. संगणक सुरू होताना दुसरा कंट्रोलर काही क्षण स्वतःची यादी दाखवतो. तिथे डिस्कचे नाव आले, तर ती जिवंत आहे.

आधी सेल पाहा

संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला आहे. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय, त्यात वीज जाणे वेगळेच. वीज पूर्ण तुटली की बायोसच्या घड्याळाचा सगळा भार या सेलवर येतो. तो संपला की सेटिंग मूळपदावर जाते. मग कधी दुसरा कंट्रोलर बंद झालेला असतो, तर कधी एएचसीआयचा आयडीई झालेला असतो. मुख्य डिस्कचा मोड असा बदलला, तर एक्सपी किंवा विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवते आणि कोडच्या शेवटी '७बी' असते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याची घाई नको. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन पूर्वीचा मोड निवडा.

यातून काम झाले नाही, तर संगणक बंद करून वायर काढा आणि दुसऱ्या कंट्रोलरवरची साटा केबल मुख्य कंट्रोलरच्या मोकळ्या जोडणीत लावा. डिस्क दिसली तर दोष कंट्रोलरचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. नाही दिसली तर डेटाची आणि विजेची केबल बदलून पाहा. आयडीई डिस्क असेल तर मागचा जंपरही बघा. एका केबलवर दोन 'मास्टर' असले की दोन्ही अडतात.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरवर पिवळी खूण असेल तर तिचा कोड वाचा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, बहुधा ड्रायव्हरचा घोळ. कोड १२ म्हणजे त्याला हवी ती संसाधने मोकळी नाहीत. मग बायोसमधली वापरात नसलेली पोर्ट बंद करून पाहावीत.

डिस्क दिसते, पण अडखळते

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर इथे कामाचे. त्यातला 'सी७' हा आकडा वाढत असेल, तर संशय आधी केबलवर घ्या. '०५' किंवा 'सी५' वाढत असेल, तर डिस्कच थकली आहे. तेव्हा प्रयोग थांबवून डेटा दुसरीकडे घ्यावा.

'इनिशियलाइज' दाबू नका

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर विंडोज कधी 'इनिशियलाइज डिस्क' असे विचारते, तर कधी 'फॉरमॅट' सुचवते. दोन्हींना नकार द्या. विशेषतः दोन डिस्क रेडमध्ये जोडलेल्या असतील आणि बायोसचा मोड बदलला असेल, तर त्या विंडोजला कोऱ्या वाटू शकतात. तिथे होकार दिला, तर विभागांची नोंद पुसली जाते आणि डेटा परत मिळवण्याचा खर्च वाढतो. काही शे रुपयांत मिळणाऱ्या साटा-यूएसबी अडॅप्टरने ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, मात्र रेडमधली डिस्क अशी एकटी लावून पाहू नका. तिथे फोल्डर उघडले तर आधी कॉपी करा, कंट्रोलरचे नंतर बघता येईल.