सत्काराचा फोटो असतो, गाण्याचा का नसतो?

आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. लग्नाच्या किंवा आधार कार्डाच्या फोटोबद्दल नाही, तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायकांच्या फोटोबद्दल. गाणं चालू असताना काढलेल्या.

तुमच्या मंडळाच्या फोनमधले जुने फोटो एकदा उघडून बघा. सप्ताह झाला, नवरात्र झालं, हळदीकुंकू झालं. फोटो भरपूर असतात. पाहुण्यांना नारळ दिला, शाल घातली, दीपप्रज्वलन झालं, सगळ्यांचे फोटो आहेत. पण ज्या बायका दोन-दोन तास बसून भजन म्हणाल्या, त्यांचा गातानाचा एक तरी धड फोटो सापडतो का? सापडलाच तर लांबून काढलेला, अंधारातला, पुढे माइकचा दांडा आणि मागे बॅनर. खाली नावही नाही. ‘महिला भजनी मंडळ’ एवढंच.

आम्हाला वाटतं, हे बदलायला हवं आणि ते आपल्यालाच जमेल. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. गटातल्या कुणाच्याही हातातला साधा फोन चालतो. फक्त फोन कसा बघतो ते समजून घ्यावं लागतं, आणि गाणाऱ्या बाईचा मान राखावा लागतो.

हे कशासाठी करायचं?

पहिलं कारण आठवणीचं. आपल्याकडे बायकांनी रचलेलं आणि गायलेलं गाणं फार मोठं आहे, पण ते कुणी म्हटलं हे बहुतेक वेळा नोंदलंच गेलं नाही. जात्यावरच्या ओव्याच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’नं लोकांसमोर आणायला घेतला. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, आणि जमेल तिथे तिचा फोटोही असतो. ओवी वाचता वाचता तो चेहरा दिसला की ओवी हवेतून आलेली राहत नाही. ती एका बाईची होते.

दुसरं कारण व्यवहाराचं. आपल्या राज्यात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. अर्ज करताना आपण बरीच वर्षं कला सादर करत आलो, याचे पुरावे दाखवावे लागतात. तीस वर्षं भजन म्हणणाऱ्या आजीकडे पुरावा म्हणून काय असतं? आवाज असतो, पण तो कागदाला जोडता येत नाही. कार्यक्रमाची पत्रिका, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण आणि सोबत तारीख लिहिलेला गातानाचा फोटो, असं एका जागी ठेवलेलं असलं तर बोलायला आधार मिळतो. आज नेमके कोणते कागद मागतात, याची चौकशी आपल्या पंचायत समितीत करा.

फोनला अंधार का झेपत नाही?

आता कामाचं बोलू. आपले बहुतेक कार्यक्रम रात्री असतात, नाहीतर पहाटे काकड्याला. उजेड कमी. अशा वेळी फोटोत हात पुसट दिसतो, चेहरा हललेला येतो. असं का होतं?

उन्हातून एकदम अंधाऱ्या माजघरात गेलं की आपण क्षणभर थांबतो. डोळ्यांना वेळ लागतो. फोनचंही काहीसं तसंच आहे. उजेड कमी असला की तो आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. दिवसा सेकंदाच्या शेकडाव्या भागापेक्षाही कमी वेळात त्याचं काम होतं. रात्री त्याला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात पखवाजावरचा हात इकडून तिकडे जातो, आणि फोटोत हाताच्या जागी नुसती धुराची रेघ येते.

मग फ्लॅश लावावा का? शक्यतो नको. फोनचा फ्लॅश आठ-दहा फुटांच्या पुढे फारसा पोचत नाही. पुढच्या रांगेतली बाई पिठासारखी पांढरी दिसते आणि मागच्या रांगेतल्या अंधारात जातात. शिवाय डोळे मिटून गाणाऱ्या बाईच्या तोंडावर तो लखकन पडला की तिची तंद्री मोडते. गोंधळात तर दिवटीच्या उजेडातच सगळी शोभा असते. फ्लॅशनं तो उजेडच पुसला जातो.

त्यापेक्षा हे करा. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास जा आणि दिवा कुठे आहे ते बघा. दिवा गाणाऱ्यांच्या पाठीमागे असेल तर चेहरे काळे येतील. मंडळाला सांगा, बसायची जागा थोडी फिरवा, नाहीतर दिवा समोरच्या बाजूला घ्या. उजेड बरोबर डोक्यावर असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात. तो थोडा समोरून आणि थोडा बाजूनं आला की चेहरा छान उठून दिसतो. दिवसाचा कार्यक्रम असेल तर ओसरीच्या कडेला किंवा दाराजवळ बसवा. भर उन्हापेक्षा सावलीतला मोकळा उजेड चांगला.

फोनची काच मऊ सुती कापडानं पुसून घ्या. स्वयंपाकघरातल्या हाताचं तेल लागलेलं असतं, त्यामुळे दिव्याभोवती धूसर वलय येतं. फोटो काढताना पडद्यावर गाणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथे लहान सूर्याचं चिन्ह येतं. चेहरा फार पांढरा दिसत असेल तर ते खाली सरकवा. दोन बोटांनी चित्र ओढून मोठं करू नका. बऱ्याच फोनमध्ये त्यानं बाई जवळ येत नाही, चित्र तेवढं फाटतं. आपणच दोन पावलं पुढे जावं. दोन्ही कोपर अंगाला टेकवा, किंवा खांबाला टेकून उभ्या राहा, म्हणजे फोन हलणार नाही.

आधी ऐका, मग टिपा

शहरातून पैसे देऊन आणलेल्या फोटोवाल्यापेक्षा तुम्ही इथे सरस आहात. कारण भजन तुम्हाला पाठ आहे. धृपद पुन्हा येणार, टाळ कुठे चढणार, पेटीवाली कुठे मान हलवणार, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. म्हणून पहिल्या कडव्याला फोन खाली ठेवा आणि नुसतं ऐका. दुसऱ्यांदा तीच जागा आली की तयार राहा.

झिम्मा खेळताना उडी घेतलेली बाई अगदी वर पोचते, तेव्हा क्षणभर थांबल्यासारखी दिसते. टाळाचंही तसंच. दोन टाळ पूर्ण लांब गेले की परत फिरण्याआधी हात किंचित थांबतो. ढोलकीवर उचललेला पंजाही वर गेल्यावर थांबतो. तो थांबलेला क्षण टिपला की कमी उजेडातही हात पुष्कळ स्पष्ट येतो. नेम चुकणारच, म्हणून लागोपाठ तीन-चार फोटो काढा. काही फोनमध्ये बटण दाबून धरलं की भराभर फोटो निघतात, काहींत व्हिडिओ सुरू होतो. आपल्या फोनमध्ये काय होतं ते आधी घरी करून बघा.

लांब ताण घेताना तोंड पूर्ण उघडं असतं. तो फोटो बऱ्याच जणींना आवडत नाही. ओळ संपवून बाई श्वास घेते, समेवर येऊन शेजारणीकडे बघून हसते, नाहीतर डोळे मिटून पुढची ओळ आठवते, अशा वेळी चेहऱ्यावर गाणं दिसतं.

कुठून काढायचा, हेही वाद्यावर ठरतं. माइकच्या अगदी समोर बसलात तर तोंड झाकलं जातं. थोडं बाजूला सरका. पेटी समोरून काढली तर भाता आणि लाकूड दिसतं, बोटं दिसत नाहीत. पेटीवालीच्या खांद्याच्या बाजूनं, जरा वरून काढा. पखवाज आडवा असतो, तो समोरून काढला की दोन्ही पुड्या आणि दोन्ही हात दिसतात. कीर्तनात मागे उभे असलेले विणेकरी आणि टाळकरी नेहमी सुटतात. त्यांचा वेगळा फोटो काढाच.

तमाशाचे फोटो काढणारे संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक कुठे मिळालं तर जरूर बघा. त्यात नुसता रंगमंच नाही. कनातीमागचं कलावंतांचं जगणंही आहे. गाणं सुरू होण्याआधी टाळाची दोरी बांधणाऱ्या, घसा शेकणाऱ्या, पोराला झोपवून येणाऱ्या बाईचा फोटोही गाण्याचाच फोटो असतो.

विचारल्याशिवाय नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो काढण्याआधी विचारायचं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मंडळातल्या सगळ्यांना सांगा की आज आपण फोटो काढणार आहोत, कुणाला नको असेल तर सांगा. कुणी नको म्हणाली तर कारण विचारत बसू नका. काढलेला फोटो गटात ठेवायला तिची हरकत नसेल, पण गावभर फिरलेला तिला चालेलच असं नाही. ती परवानगी वेगळी घ्यायची.

काही फोटो काढायचेच नाहीत. पदर सावरणारी, लेकराला पाजणारी, जागरणात वारं आलेली बाई, यांच्याकडे फोन वळवू नये. देवळाच्या गाभाऱ्यात चालतं का, ते आधी विचारावं. लावणी नाचणाऱ्या बाईला तर पाहणारे फोन कसे रोखतात ते आपण बघतोच. आपण तिचा फोटो काढला तर तिचा चेहरा, तिचा अभिनय, पायातल्या चाळांचा ठेका येऊ द्यावा. तीही कलावंत आहे, आपल्या भजनातल्या बाईइतकीच.

फोनचा आवाज बंद ठेवा. कीर्तनकार आणि श्रोते यांच्या मधून फिरू नका. वाद्य ओलांडू नका. एका भजनाला तीन-चार फोटो पुरेत, मग खाली बसून टाळ्या वाजवा.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आपल्या सादरीकरणाच्या ध्वनिमुद्रणावर आणि चित्रीकरणावर हक्क मिळाला. म्हणजे कुणी तुमचं अख्खं भजन व्हिडिओत घेऊन आपल्या चॅनेलवर टाकत असेल, तर ‘आम्हाला विचारलं का?’ असं म्हणायला तुम्हाला जागा आहे. आणि मंडळानं पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोंचा हक्क मंडळाचा असतो. फोटोवाल्याकडून मूळ फोटो मागून घ्या.

नाव लिहिलं नाही तर फोटो मुका

फोटो काढून काम संपत नाही. त्याच आठवड्यात एका वहीत लिहा: तारीख, गाव, कार्यक्रम, आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकीचं पूर्ण नाव. कोण काय वाजवतं तेही. ‘अमक्याची सून’ किंवा ‘तमक्याची आई’ लिहू नका. तिचं स्वतःचं नाव लिहा. आज सगळ्या ओळखीच्या आहेत म्हणून लिहावंसं वाटत नाही. वीस वर्षांनी नातवंडं विचारतील तेव्हा सांगणारी कुणी असेलच असं नाही.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होऊन जातो. मग मोठ्या कागदावर छापला की फाटका दिसतो. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये दुसऱ्या घरी ठेवा. फोन पाण्यात पडतो, हरवतो, पोरं खेळताना फोटो पुसतात. वर्षातले निवडक दहा फोटो तरी कागदावर छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेननं दाबून लिहिलं की पुढे वळ उठतो. आणि एक प्रत त्या बाईच्या हातात द्या. तिचा फोटो तिला मिळालाच पाहिजे.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात प्रत्येक गटानं एकच काम करायचं. गावातली सगळ्यात वयस्क गाणारी बाई शोधायची. तिला विचारून तीन फोटो काढायचे: एक तिचा गातानाचा, एक वाद्यावरच्या किंवा टाळ धरलेल्या हातांचा, आणि एक तिच्या सगळ्या साथीदारणींसोबत. तिन्हींच्या मागे नावं लिहायची. पुढच्या कार्यक्रमाचं बॅनर छापाल तेव्हा पाहुण्यांच्या शेजारी तिचा फोटो आणि तिचं नाव येऊ द्या. गाणं तिचं आहे, तर बॅनरवर तीही दिसायला हवी.