चालल्याने साखर का उतरते?

धानाची रोवणी सुरू असली की करडी परिसरातील माणूस दिवसभर चिखलात राबतो. धान घरी आले की हालचाल कमी होते. मधुमेही माणसाची रक्तातील साखर अशा रिकाम्या दिवसांत चढू शकते. जेवण तेच, गोळ्या त्याच. मग हा फरक का पडतो? याचे उत्तर आपल्या पेशींच्या आत आहे.

साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. ते स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होते. या पेशीचे काम राईस मिलसारखे चालते. मिलमध्ये आलेले धान तसेच पोत्यात जात नाही. तूस निघते, कणी वेगळी होते, मगच पोती भरून गाडीवर चढतात.

नव्या इन्सुलिनच्या टोकाला २४ अमिनो आम्लांची जणू पत्त्याची चिठ्ठी असते. तिच्या आधारे ते आंतरद्रव्यजालिका नावाच्या पातळ पडद्यांच्या जाळ्यात शिरते. प्रथिनांवर असा पत्ता असतो, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आत चिठ्ठी कापली जाते आणि प्रथिनाची नीट घडी बसते. घडी बिघडलेला माल पेशी मोडीत काढते. चांगला माल गॉल्गी पिंडात जाऊन पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांत भरला जातो. पिशवीतच मधला तुकडा कापून ५१ अमिनो आम्लांचे पक्के इन्सुलिन बनते. जेवणानंतर साखर वाढली की पिशव्या पेशीच्या काठाला चिकटून उघडतात व इन्सुलिन रक्तात उतरते. पिशव्यांच्या या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या रॉथमन, शेकमन व स्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले.

आता दुसरे टोक पाहू. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी प्रथिने, म्हणजे साखरेची दारेच, अशाच पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती काठावर येऊन बसतात आणि साखर आत जाते. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. मग बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवतात आणि कालांतराने थकतात.

पण निसर्गाने दुसरी वाटही ठेवली आहे. स्नायू काम करू लागले की इन्सुलिनच्या निरोपाशिवायही ही दारे काठावर येतात. मधुमेहातही ही वाट बहुधा शाबूत असते. व्यायामाचा परिणाम काही तास, कधी एक-दोन दिवस टिकतो. रिकाम्या दिवसांतील फरकाचे एक मोठे कारण हेच.

म्हणून काम नसेल त्या दिवसांतही आठवड्यातून निदान पाच दिवस, रोज ३० मिनिटे भरभर चालावे. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये. अनवाणी चालू नये. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर अथवा गूळ ठेवावा. घाम, थरथर, एकाएकी भूक जाणवली तर थांबून तो लगेच खावा. छातीत दुखत असेल, पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मात्र चालणे सुरू केले म्हणून औषध मनाने बंद करू नये. चालणे हे औषधाचे सोबती आहे, बदली नव्हे.