पेटी रिकामी, पण पत्र टेबलावर!

अशी कल्पना करा. बीड जिल्ह्यातील नांदूरघाटच्या एका शाळेत तुम्ही संगणकापुढे बसला आहात. पावसाचे नकाशे काढणारा प्रोग्रॅम मात्र पुण्याच्या संगणकावर चालू आहे. नकाशा तुमच्या पडद्यावरच्या एका चौकटीत दिसतो. खाली ‘पुढचा महिना’ असे बटण आहे. तुम्ही माऊसची कळ दाबून सोडता. काहीच होत नाही! कंटाळून माऊस जरासा हलवता, आणि लगेच नकाशा बदलतो. असे का व्हावे?

दूरच्या प्रोग्रॅमची चौकट आपल्या पडद्यावर दाखवणारी ‘एक्स विंडो’ प्रणाली १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनी सुरू केली. तिच्या आधी ‘डब्ल्यू’ नावाची प्रणाली होती, म्हणून इंग्रजी वर्णमालेतील पुढचे अक्षर हिला मिळाले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली.

या प्रणालीत कळ दाबणे ही एक घटना, सोडणे ही दुसरी. प्रत्येक घटनेची ३२ बाइटांची वार्ता नांदूरघाटहून पुण्याला जाते. तेथे ती दोन ठिकाणी थांबू शकते. घरच्या टपालाचेच उदाहरण घ्या. पोस्टमन पत्र दारावरच्या पेटीत टाकतो. आपण पेटी उघडली की सगळी पत्रे एकदम आत आणून टेबलावर ठेवतो आणि एकेक वाचतो. पेटी म्हणजे जाळ्याची जोडणी. टेबल म्हणजे प्रोग्रॅमच्या स्मृतीतील घटनांची रांग.

आता चूक पाहू. पुण्याचा प्रोग्रॅम क्षणभर दुसऱ्या कामात होता. तेवढ्यात ‘दाबली’ आणि ‘सोडली’ या दोन्ही वार्ता पेटीत पडल्या. प्रोग्रॅमने दोन्ही टेबलावर आणल्या, ‘दाबली’ ही एकच वाचली आणि पुन्हा पेटीवर नजर ठेवून तो झोपी गेला. पेटी रिकामी आहे. त्याला जाग कशी येणार? बटण तर कळ सोडल्यावर काम करते, आणि ‘सोडली’ ही वार्ता टेबलावरच पडून आहे! तुम्ही माऊस हलवलात तेव्हा नवी वार्ता आली, प्रोग्रॅम जागा झाला आणि टेबलावरची जुनी वार्ता त्याने उचलली. नवी आता मागे राहिली. असे सारे काम एका पावलाने मागे पडत जाते.

म्हणून झोपण्यापूर्वी ‘किती घटना बाकी आहेत?’ असे विचारावे लागते. विचारण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त टेबल पाहायचे. दुसऱ्यात टेबल रिकामे असेल तर पेटीही पाहायची. तिसऱ्यात टेबल रिकामे असेल तर आधी आपली लिहून ठेवलेली पत्रे टपालात टाकायची, मग पेटी पाहायची. या तिसऱ्या प्रकारालाच ‘एक्सपेंडिंग’ म्हणतात. तो महत्त्वाचा अशासाठी की, ‘येथे रेघ काढ’, ‘येथे रंग भर’ या प्रोग्रॅमच्या आज्ञाही त्याच्याकडे साठून राहतात. त्या न पाठवता तो झोपला, तर नांदूरघाटच्या पडद्यावर नकाशा अर्धाच दिसेल.

मग सतत विचारतच राहिले तर? तेही बरे नव्हे. दर क्षणी पेटी उघडणारा माणूस दुसरे काम काय करणार? संगणकाचा वेळ आणि वीज दोन्ही फुकट जातात. योग्य रीत अशी: टेबलावरची सर्व पत्रे संपवा, आपली पत्रे टाका, मगच पेटीवर नजर ठेवून निवांत झोपा.

२००८ साली ‘वेलँड’ ही नवी प्रणाली सुरू झाली आणि अनेक लिनक्स संगणकांवर तिने एक्सची जागा घेतली. तरी जुने एक्स प्रोग्रॅम तिच्यावरही चालवता येतात, आणि जेथे टपाल रांगेत थांबते तेथे हा नियम लागू पडतोच.

वर्गात करून पाहा: एक खोका ‘पेटी’, एक बाक ‘टेबल’. एकाने चिठ्ठ्या टाकाव्यात, दुसऱ्याने खोक्यात चिठ्ठी पडली की सगळ्या बाकावर आणून एकच वाचावी. दोन चिठ्ठ्या एकदम टाका. दुसरी केव्हा वाचली जाते?