मानमोडीचं साल

सौंसर-पांढुर्ण्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणूस आजही नागपूरची वाट धरतो. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ बहुधा त्याच वाटेनं उलटी आली असावी. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन 1913 मध्ये सुरू झाली होती आणि सौंसर तिच्यावरचं स्टेशन. पांढुर्ण्याची मोठी लाइन नंतरची.

जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापानं पडले. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरातली दुसरी मात्र माणसं घेऊन गेली. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मध्य प्रांत तिच्या तडाख्यात होता. पावसानं दगा दिलेला, धान्य महागलेलं, कितीतरी डॉक्टर लढाईवर. देशात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. गेले ते विशी-चाळिशीतले, त्यातही बायका जास्त. देशभरातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

मराठी मुलखानं या तापाला नाव दिलं मानमोडी. सरकारी कागदात ते शिरलं नाही. कोटवार गावातले मृत्यू ठाण्यात सांगायचा; हैजा, देवी, प्लेगचे रकाने वेगळे होते, बाकी बहुतेक सगळं ‘ताप’. कोटवाराला तरी काय दोष द्यायचा? मोठमोठे डॉक्टरही तेव्हा भलत्याच जंतूला धरून बसले होते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला 1933 मध्ये, लंडनला. 1918 च्या नेमक्या विषाणूची, एच1एन1 ची, जनुकं पुरती वाचली गेली ती 2005 मध्ये. त्यासाठी अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईचं फुफ्फुस कामी आलं.

1957 आणि 1968 च्या साथींमागे त्याच घराण्याचे, पक्ष्यांच्या विषाणूंशी संकर झालेले वारस होते. 2009 मध्ये एच1एन1 डुकरांमार्गे नव्या रूपात परतला. 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. तो विषाणू अजून गेलेला नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला 2023 मध्ये. मानमोडीच्या साली हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. तिथली दप्तरं ‘ताप’ म्हणून गप्प बसतील. घरच्या श्राद्धांच्या तिथी मात्र बोलतील. त्या वर्षीच्या अश्विन-कार्तिकात एकाच घरातले दोघे-तिघे गेल्याची नोंद कुणाच्या जुन्या वहीत असेल, तर ती वही रद्दीत घालू नका.