पेशीत कोणाचे काम काय?

कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात. हा रेखीव आकार पेशीभित्तिकेमुळे येतो. गालाच्या आतल्या पेशींना ती नसते, म्हणून त्यांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात.

● केंद्रक: रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत पाहून त्याला नाव दिले. माणसाच्या एका केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए मावतो.

● तंतुकणिका: वनस्पती आणि प्राणी, दोन्हींत. अन्नातली ऊर्जा एटीपीच्या रूपात मोकळी करते. तिला स्वतःचा डीएनए असतो; माणसात त्यावर ३७ जनुके आहेत.

● हरितलवक: प्रकाशसंश्लेषणाची जागा. कांद्याच्या हिरव्या पातीत असते, जमिनीखालच्या कांद्यात नसते.

● रिक्तिका: वाढलेल्या वनस्पतिपेशीची ९० टक्क्यांपर्यंत जागा व्यापू शकते. तिच्यातले पाणी घटले, की मेथीची जुडी मलूल पडते.

● रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड: पहिला प्रथिने बनवतो; त्यांतली बरीच जालिकेतून पुढे जातात आणि गॉल्जी पिंडात वर्गवारी होऊन मुक्कामी पोहोचतात.

● लयकारिका: जीर्ण भागांचे पचन करते. ख्रिश्चन द द्यूव यांनी १९५५ मध्ये तिचे नामकरण केले.

लक्षणीय अपवाद: माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नसते आणि तंतुकणिकाही नसते. मोकळी झालेली जागा ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला मिळते.