कारणाचा रकाना

बचत गटाच्या कर्ज नोंदवहीत नाव, रक्कम आणि हप्त्याच्या मध्ये एक अरुंद रकाना असतो: कर्जाचे कारण. त्यात कुठे 'बियाणे' लिहिलेलं असतं, कुठे 'दवाखाना', 'पोरीची फी', 'बाळंतपण', 'घरावर टिना'. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातली अशी वही वाचायला घेतली की पानामागून पान उलटत जातं. एकेका ओळीत एकेका घराचं वर्ष मावलेलं असतं आणि ते त्या घरातल्या बाईच्याच तोंडून आलेलं असतं.

हे किती नवलाचं आहे, ते जरा मागे जाऊन पाहिलं की कळतं. बाईचा पैसा पिढ्यान् पिढ्या डाळीच्या डब्यात आणि लुगड्यांच्या घडीत राहिला. त्याची नोंद नव्हती, कारण तो लपवण्यासाठीच होता. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा असे कितीतरी डबे पहिल्यांदा घरच्यांसमोर उघडावे लागले. कर्जाची तर त्याहून दडपादडपी. उधारी सांगितली की अब्रू जाते, ही समजूत इतकी खोल, की शेजारणीशेजारणी एकाच सावकाराकडून पैसे घेतात आणि एकमेकींना पत्ता नसतो.

न लिहिलेल्या हिशेबाची किंमत याच मूर्तिजापूर तालुक्याने मोजली आहे. पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखले गेलेले डेबूजी लहानपणी दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. घरात अक्षरओळख नव्हती आणि कागद सगळा सावकाराच्या हातात. कर्ज काढू नका, लेकरांना शिकवा, हे बाबा पुढे कीर्तनांतून जन्मभर सांगत राहिले.

बचत गटाने तो कागद बायांच्या हातात दिला. नाबार्डने 1992 मध्ये देशभरात 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने ('माविम') आणि 2011 पासून राज्याच्या 'उमेद' अभियानाने तो गावोगाव नेला. रचना साधी: दहा ते वीस बाया, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, त्याच पैशातून आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि या सगळ्याची नोंद.

एक हिशेब मांडून पाहू. एका बाईने गटातून 2,000 रुपये घेतले, महिन्याला शेकडा दोन व्याजाने, आणि दरमहा 200 रुपये मुद्दल फेडायचं ठरवलं. पहिल्या महिन्याचं व्याज 40 रुपये, दुसऱ्याचं 36, असं उतरत दहाव्या महिन्याला 4. एकूण व्याज 220 रुपये. तेच पैसे सावकाराकडून शेकडा पाचने घेतले आणि त्याने व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लावलं, तर दहा महिन्यांत 1,000 रुपये जातात. शिवाय गटातले 220 गावाबाहेर जात नाहीत. ते पेटीत पडतात आणि पुढच्या बाईच्या कामी येतात.

पण खरी जादू आकड्यांत नाही, ती बैठकीत आहे. मागणी सगळ्यांसमोर करावी लागते. कोणीतरी विचारतंच, "कायले पायजेत पैसे, बाई?" सुरुवातीला बहुतेकींचं उत्तर एकच, 'शेती', तेवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नाही. नवऱ्याची उधारी फेडायची आहे, सासूच्या औषधाला पैसे नाहीत, हे तोंडातून निघायला कितीतरी बैठका जाव्या लागतात. एकीने खरं सांगितलं की दुसरीला बळ येतं. मग त्या रकान्यातले शब्द बदलू लागतात. लिहिता न येणारी बाई सांगते आणि शिकलेली सून किंवा दहावीतली मुलगी लिहून वाचून दाखवते. बोलणारी एक, लिहिणारी दुसरी, ऐकणाऱ्या दहाजणी. पैशाबद्दलचं असं लेखन दुसरीकडे सहसा दिसत नाही.

अशा नोंदींतून काय उजेडात येतं, हे जगानेही पाहिलं आहे. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांचे पैशाचे व्यवहार संशोधकांनी वर्षभर, दर पंधरवड्याला घरी जाऊन टिपले. 2009 च्या 'पोर्टफोलिओज ऑफ द पूअर' या पुस्तकात ते आले. हातावर पोट असलेली माणसं आलेलं लगेच खाऊन मोकळी होतात, हा समज त्याने मोडला. प्रत्येक घर बचत, उसनवारी, भिशी, दुकानातली उधारी असे किमान चार मार्ग एकाच वेळी सांभाळत होतं. वऱ्हाडातल्या बाईला यात नवल वाटणार नाही. जूनमध्ये पेरणीला पैसा हवा आणि कापूस घरात येतो दिवाळीच्या पुढेमागे. मधले महिने याच जुळवाजुळवीवर निघतात. हे कौशल्य होतंच, फक्त ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

आणि या लेखनाला पत मिळते, हे तर सगळ्यात थक्क करणारं. गटाला कर्ज देताना बँक सातबारा मागत नाही. बैठका नियमित झाल्या का, बचत आणि परतफेड वेळेवर आहे का, नोंदी चोख आहेत का, ते ती पाहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 20 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण घेता येत नाही. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्या बाया केवळ आपल्या खऱ्या नोंदींच्या जोरावर बँकेत उभ्या राहतात.

घरातल्या पैशाबद्दल मोकळेपणाने लिहिणं मराठी बायांना नवं नाही. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नसे, त्यात संसार कसा रेटला, हे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं, आनंदीबाई कर्व्यांनी 'माझे पुराण' लिहिलं. ती पुस्तकं आपण जपली. गटांच्या वह्या मात्र भरल्या की माळ्यावर जातात, मग वाळवीच्या तोंडी किंवा रद्दीत. गावच्या वाचनालयाने एखादं कपाट त्यांच्यासाठी ठेवावं, गटाची परवानगी घेऊन, नावं झाकून. पावसाने दडी मारली त्या वर्षी घरं कशी तगली, मुलींच्या फीसाठी कर्ज कधीपासून निघू लागलं, याची उत्तरं त्या कपाटात सापडतील. आणि ती बायांनी स्वतः दिलेली असतील.