पंचविशी गाठणाऱ्या मोटारी

नवीकोरी मोटार दुकानाच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरणीला लागते, हा आपणा सर्वांचा अनुभव. परंतु १९९० च्या आगेमागे जपानात बनलेल्या काही वेगवान मोटारींनी हा हिशेबच उलटा करून टाकला आहे. वय वाढत गेले तसा त्यांचा भाव चढत गेला, आणि पंचविसावे लागताच सातासमुद्रापलीकडची स्थळे त्यांना सांगून येऊ लागली!

पंचविसावेच का, याचे उत्तर अमेरिकेच्या एका कायद्यात आहे. अमेरिकेच्या सुरक्षिततेच्या कसोट्यांना धरून न बनवलेली परदेशी मोटार देशात आणण्यावर १९८८ साली तेथे कडक निर्बंध आले. मात्र गाडीला पंचवीस वर्षे पुरी झाली की ही आडकाठी दूर होते, आणि वय मोजतात तेही महिन्याच्या हिशेबाने. निसान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर ही मोटार अमेरिकेच्या दुकानांत कधी विक्रीला आलीच नाही. १९९१ आणि १९९२ साली ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत तिने जिंकली. तिकडच्या लोकांनी तिला ‘गॉडझिला’ म्हणजे जपानी सिनेमातल्या राक्षसाचे नाव दिले. अमेरिकन पोराला मात्र ती दिसली १९९७ साली निघालेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळात, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. पुढे ते पोर मोठे झाले, कमावते झाले, आणि पडद्यावरची गाडी आपल्या अंगणात उभी करावी असे त्याला वाटू लागले. १९८९ साली निघालेली आर-३२ ही तिची आवृत्ती २०१४ साली पंचवीस वर्षांची झाली. १९९९ ची आर-३४ जानेवारी २०२४ पासून.

या तारखा काही गुपित नव्हत्या. बेरीज येणाऱ्या कोणालाही त्या ठाऊक. म्हणून चतुर दलालांनी गाडी तेवीस-चोवीस वर्षांची असतानाच उचलावी, गोदामात झाकून ठेवावी आणि मुहूर्ताची वाट पाहावी, असा धंदा सुरू झाला. आपल्याकडे सुगीला धान्य भरून ठेवून आषाढात काढणारे व्यापारी असत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की धान्य निदान कोणाच्या तरी पोटात जाते.

जपानात या गाड्या एके काळी स्वस्त का होत्या, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. हिला ‘शाकेन’ म्हणतात, आणि तिचा खर्च चांगलाच खिशाला लागतो. तेरा वर्षे उलटली की करही वाढतो. त्यामुळे बरी चालती गाडीसुद्धा लोक विकून टाकीत. अशा गाड्या लिलावाला जातात. टोकियोजवळ चिबा प्रांतातील नोदा गावी तर असा प्रचंड बाजार आहे, आणि तेथे दर आठवड्याला हजारो मोटारींचा सौदा होतो. ओरडाआरडा नाही, हातोडा नाही. सभासद व्यापारी बटण दाबून बोली चढवतात आणि काही क्षणांत गाडीचा मालक बदलतो.

प्रत्येक गाडीबरोबर तपासनीसाचा एक कागद असतो. मला स्वतःला मोटारीपेक्षा या कागदाचेच कौतुक अधिक वाटले. गाडीच्या आकृतीवर ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे ठोकून सारखा केलेला पत्रा अशा खुणा, आणि वर गुण: साडेचार, चार, साडेतीन. अपघातातून दुरुस्त झालेल्या गाडीला ‘आर’. इतक्या रोखठोक प्रगतिपुस्तकाची सवय आम्हा प्राध्यापकांनाही नाही! पण दलालीची खरी मखलाशी येथूनच सुरू होते. गाडी बोटीवर चढते आणि ‘आर’ शेरा असलेला कागद नेमका वाटेत गहाळ होतो. मैलांचा आकडा दाखवणारे यंत्र बदलले जाते. साध्या स्कायलाइनला जीटी-आरचे मुखवटे चढतात. सगळेच दलाल असे, असे मी म्हणणार नाही. गंज काढून, सुटे भाग मिळवून गाडी जिवंत ठेवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा नफा हा कष्टाचा नफा. राग येतो तो धुऊन-पुसून, झकास छायाचित्रे काढून, महिन्याभरात तीच गाडी दीडपटीला पुढे ढकलणाऱ्याचा.

माझा भाचा योकोहामात इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो असता तो मला दाइकोकु येथील वाहनतळावर घेऊन गेला. रात्री शौकीन मंडळी आपापल्या मोटारी घेऊन तेथे जमतात. एका पांढऱ्या आर-३२ जवळ साठीचे गृहस्थ उभे होते. भाच्याने दुभाष्याचे काम केले. गाडी त्यांनी तरुणपणी हप्त्याने घेतलेली. “दर महिन्याला कोणीतरी काचेवर ‘गाडी विकता का’ अशी चिठ्ठी खोचून जातो,” ते हसत म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “मुलाला हवी आहे. पण वारसा म्हणून मिळाली तरच. विकत घेणे त्याला जमणार नाही.”

परतताना मी विचारले, “तुझंही याच गाडीवर मन होतं ना रे, पुण्यात असताना?”

“होतं ना, मामा,” तो म्हणाला. “तेव्हा गाडी स्वस्त होती आणि मी विद्यार्थी होतो. आता पगार आहे, तर भाव पळाला. आणि घेतली तरी घरी कुठे आणता येते?” तेही खरेच. आपल्या नियमानुसार परदेशातली वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि ती उतरवायची तर मुंबई बंदरातच.

आर-३४ नवी असताना तिची किंमत सुमारे ५० लाख येन होती. सिनेनट पॉल वॉकर याने २००९ च्या चित्रपटात चालवलेली आर-३४ मोटार २०२३ साली लिलावात साडेतेरा लाख डॉलरांच्या वर गेली. टोयोटाची २०००जीटी १९६७ ते १९७० या काळात जेमतेम साडेतीनशे बनली; त्यांतली शर्यतीत धावलेली एक गाडी २०२२ साली पंचवीस लाख डॉलरांच्या वर विकली गेली. त्यामागे निदान इतिहास आहे. चिंता वाटते ती साध्या गाड्यांची. टोफू पोहोचवणाऱ्या पोराच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथेमुळे १९८३ ते १९८७ मधली साधी टोयोटा ट्रुएनो गाजली, आणि गरीब शौकिनाची ती गाडीही महाग होऊन बसली.

कारखानदारांनाही हा प्रकार दिसतच होता. लेक्ससने एलएफए ही ५०० गाड्यांपुरती मोटार काढली, तेव्हा अमेरिकेत ती आरंभी विकलीच नाही. घेऊन लगेच फायद्याने फुंकू नये म्हणून दोन वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. निसानने २०१७ पासून आर-३२ चे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. त्यामुळे गाडी वापरणाऱ्याला आधार मिळाला, आणि साठवून ठेवणाऱ्यालाही!

आर-३४ चे उत्पादन २००२ साली थांबले. त्या शेवटच्या गाड्यांना २०२७ साली पंचवीस वर्षे पुरी होतील. त्यांतल्या ‘न्यूर’ नावाच्या, सुमारे हजारच बनलेल्या गाड्यांवर दलालांचा डोळा केव्हापासूनच आहे.